ओपल हॅगनची ‘आलेच’ पाटी

लॉस्ट केटलची वस्ती सहा माणसांची. रस्त्यावरच्या सरकारी पाटीवर नऊ लिहिलेलं आहे, पण त्यातला एक वारला, एक लग्न करून दक्षिणेत गेली, आणि नववा कोण होता हे कुणालाच आठवत नाही. तो बहुधा कुत्रा असावा, असं एल्डनचं मत आहे.

मागचा पेट्रोल पंप शहाण्णव मैल मागे आणि पुढचा एकशे दहा मैल पुढे. मधे अलास्काचं रान, खडीचा रस्ता आणि ओपल हॅगनचा कॅफे. ओपल तेविसाव्या वर्षी नवऱ्याच्या मागे इथे आली. नवरा रूडी रस्ता सपाट करायचं यंत्र चालवायचा. उन्हाळाभर तो खड्डे बुजवी आणि हिवाळाभर ते पुन्हा पडत. नऊ वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा ओपलने त्याचं यंत्र कॅफेशेजारीच उभं ठेवलं. प्रवासी त्यावर चढून फोटो काढतात. रूडीला हे आवडलं असतं की नाही यावर ती कधी विचार करते, कधी नाही.

तिच्याकडे मिळायचा दालचिनीचा रोल, म्हणजे गुंडाळलेला गोड पाव. ताटलीएवढा. सासूने दिलेल्या आंबट पिठाच्या विरजणातून ती रोज पहाटे कणीक फुगवायची. लोक खाली उतरत, रोल चेहऱ्याशेजारी धरून फोटो काढत, म्हणजे आकार कळावा. मग गावाला ‘लॉस्ट केटल’ हे नाव देणारी ती हरवलेली किटली शेवटी सापडली का, असं विचारत. शंभर वर्षांपूर्वी एक सोनं शोधणारा इथे किटली विसरून गेला होता, एवढीच मूळ हकिकत. ओपल खरं सांगायची की नाही सापडली. एल्डन मात्र प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचा. एका कुटुंबाला त्याने सांगितलं की किटली सापडली, पण आतला चहा गार झाला होता.

एल्डन चार्ली म्हणजे ओपलचा शेजारी. त्याचे आजे-पणजे या नदीवर किटलीच्या फार आधीपासून मासे वाळवत आलेले. साठी ओलांडलेला, बारीक, बोलताना चेहऱ्यावरची रेषही न हलवणारा. त्याच्याकडे पुढे लोखंडी दोर गुंडाळायचं यंत्र बसवलेला एक जुना ट्रक होता, आणि या ट्रकच्या जोरावर तो स्वतःला गावाचा पाया समजे.

तर गेली दोन वर्षं ओपलचे रोल उरत होते.

त्याचं कारण एक जाडजूड पुस्तक. या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक गाडीत ते असतं. दरवर्षी नव्याने छापतात, आणि त्यात मैलामैलाची नोंद असते: इथे पूल, इथे खड्डा, इथे अस्वल दिसण्याचा संभव, इथे चांगला चहा. लोक त्याला पोथीसारखं मानतात. पोथीत अस्वल आहे म्हटलं की रिकाम्या झुडपाचे फोटो काढतात. आणि पोथीत दोन वर्षांपासून छापलेलं होतं, ‘मैल ९६. लॉस्ट केटल. कॅफे बंद.’ बसएवढ्या घरगाड्या वेग न कमी करता धूळ उडवत निघून जात. ओपल खिडकीत उभी राहून हात हलवी. आतले लोकही हात हलवत आणि पुढे जात.

कॅफे बंद नव्हता. फक्त दोन वर्षांपूर्वी, पोथीचा तपासनीस आला त्या दिवशी, ओपलला मूस लागला होता.

हे इथल्या माणसांना सांगावं लागत नाही. मूस म्हणजे सांबराच्या जातीचं अजस्र रानजनावर. रस्त्यावर गाडीची धडक बसून मूस मेला तर त्याचं मांस वाया जाऊ देत नाहीत. पोलिसांकडे नावांची यादी असते. ज्याचा नंबर असेल त्याला फोन येतो, आणि त्याने अर्ध्या तासाच्या आत तिथे स्वतः पोचायचं, जागेवर कापून, आतड्यासकट सगळं उचलून रस्ता साफ करायचा. फोन उचलला नाही किंवा पोचलं नाही, की नंबर पुढच्याला, आणि आपलं नाव यादीच्या तळाला. ओपलचा नंबर दोनेक वर्षांतून एकदा लागायचा. त्या एका मुसावर सगळं लॉस्ट केटल हिवाळा काढायचं, सहाही माणसं. म्हणून दोन वर्षांपूर्वी फोन आला तशी तिने दाराला कुलूप घातलं, वर ‘आलेच’ लिहिलेली लाकडी पाटी लटकवली, आणि गेली. परत यायला सात तास लागले. तपासनिसाने वाट पाहिली असेल, नसेल, त्याने ‘बंद’ लिहिलं. मागच्या वर्षी वणव्यामुळे रस्ताच बंद होता, कुणी तपासायला आलं नाही, आणि तीच नोंद पुन्हा छापली गेली.

ॲरिझोनातली बहीण डोरीन दर रविवारी फोन करायची. तिच्याकडे एक खोली रिकामी होती, गालिचा अंथरलेली, गार हवेच्या यंत्राची. ओपल आधी हसण्यावारी न्यायची. या वसंतात मात्र तिने डोरीनला शब्द दिला होता: यंदाही पोथीत ‘बंद’ आलं, तर खरंच बंद करून तुझ्याकडे येते. डोरीनने लगेच पडदे बदलले.

आणि जुलैत पोथीवाल्यांचं कार्ड आलं. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आमचा माणूस येऊन जाईल. नेहमीप्रमाणे तो आपली ओळख देणार नाही.

ओपलने भिंती रंगवल्या. पायऱ्या घासल्या. ‘आलेच’ची पाटी काढून एल्डनच्या ट्रकमध्ये टाकली, डोळ्यांसमोर नको म्हणून. फायरवीड या रानरोपाची गुलाबी फुलं शेंड्यापर्यंत पोचून त्यांचा पांढरा कापूस उडायला लागला होता. म्हणजे बर्फाला आता सहा आठवडे. त्या आठवड्यात दारात उतरलेल्या प्रत्येकाकडे ती असं बघे, की दोन माणसांनी आपल्या तोंडाला काही लागलंय का, हे गाडीच्या आरशात पाहिलं.

“कसं ओळखणार तू त्याला?” एल्डनने विचारलं.

“कपड्यांवरून.”

“म्हणजे कपडे घातलेला दिसला की तोच.”

गुरुवारी दुपारी कॅफेत चार गिऱ्हाइकं होती. वेन्डल नावाचे निवृत्त दंतवैद्य आणि त्यांची बायको जॉयस, नेब्रास्काहून घरगाडी घेऊन आलेले. त्यांच्या पोथीतलं नेमकं इथलं पान फाटलं होतं म्हणून ते चुकून थांबले होते. कोपऱ्यात धुळीने माखलेल्या, काच तडकलेल्या छोट्या गाडीतून आलेली एक मध्यमवयीन बाई. तिने फक्त चहा मागितला आणि दोनदा स्वच्छतागृह वापरलं. आणि खिडकीशी एक उंच गृहस्थ. शंभर मैल खडीवरून येऊनही त्याच्या पँटची इस्त्री जशीच्या तशी होती. त्याने रोलकडे बघून घेतलं, भिंतीकडे बघितलं, खुर्ची सरळ केली, आणि रुमालाने टेबलाची कड पुसून बोटाकडे पाहिलं.

हाच तो, ओपलने ठरवलं. तिने त्याला न मागता दुसरा रोल दिला. मग लोणी दिलं. मग बेरीचा मुरंबा. तो प्रत्येक वेळी अत्यंत नम्रपणे आभार मानत होता आणि काही खात नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला.

पोलिसाचा आवाज तिने ओळखला. मैल एकशे अठराला ट्रकची धडक बसलीय, ड्रायव्हर ठीक आहे, मूस मोठा आहे, नर, तुझा नंबर आहे, येतेस का? ओपलने रिसीव्हर छातीशी धरला. खिडकीतून बाहेर एल्डन लाकडं फोडताना दिसत होता. आत इस्त्रीची पँट. कोपऱ्यात शिल्लक राहिलेले पंधरा रोल. तिच्या मनात हिवाळ्यातली सहा ताटं आली आणि डोरीनचे नवे पडदे आले.

“येते,” ती म्हणाली.

मग ती टेबलांमधे उभी राहिली आणि तिने सरळ सांगून टाकलं. मला जायला हवं, अर्ध्या तासात बावीस मैल गाठायचे आहेत, पण दाराला कुलूप मी लावणार नाही, मेले तरी लावणार नाही. तुम्ही बसा, खा, किटली गरम आहे. असं म्हणताना तिची नजर फक्त इस्त्रीवर होती.

सगळ्यात आधी जॉयस उठली. तिने न विचारता खुंटीवरचा ॲप्रन कमरेला बांधला आणि म्हणाली, चाळीस वर्षं या माणसाच्या दवाखान्यात पुढचं टेबल सांभाळलंय, रोल विकणं त्याच्यापुढे काहीच नाही, निदान रोल घ्यायला आलेला माणूस रडत नाही. एवढ्या मोठ्या जबड्यात डोकावायची संधी वेन्डल यांना जन्मात मिळाली नव्हती. ते जवळजवळ धावतच एल्डनच्या ट्रककडे गेले. आणि मग इस्त्रीची पँट उभी राहिली. आपल्यालाही यायला आवडेल, तो गृहस्थ म्हणाला, काही मदत झाली तर. ओपलने एक रोल कागदी रुमालात गुंडाळून त्याच्या हातात कोंबला, वाटेत लागेल म्हणून.

कोपऱ्यातल्या बाईची धुळकट गाडी ट्रकच्या मागे मागे निघाली, तेव्हा तिलाही त्याच दिशेला जायचं असेल, असं ओपलला वाटलं.

ते एकोणतीस मिनिटांत पोचले. मूस रस्त्याच्या कडेला आडवा पडला होता, घोड्यापेक्षा मोठा, शिंगं खाटेसारखी पसरलेली. एल्डनने टोपी काढली, त्याच्या भाषेत त्या जनावराला हळूच दोन शब्द बोलला, टोपी घातली आणि दोर लावायला घेतला.

पुढले तीन तास असे गेले. एल्डन आणि ओपल कापत होते. अस्वलांना चाहूल लागावी म्हणून एल्डन मोठ्याने गात होता; त्याला पाठ होती दोनच गाणी, चर्चमधलं एक आणि रेडिओवरची साबणाची जाहिरात. दुसऱ्या कडव्याला इस्त्रीच्या गृहस्थाने खर्जात साथ दिली, इतक्या गंभीर, घुमणाऱ्या आवाजात, की साबणाची जाहिरातसुद्धा प्रार्थनेसारखी वाटायला लागली. वेन्डल गुडघ्यांवर बसून मुसाचं तोंड तपासत होते. दाढा उत्तम आहेत, त्यांनी जाहीर केलं, पण वरचे पुढचे दात सगळे पडलेत, बिचाऱ्याची फार हेळसांड झालेली दिसते.

“डॉक्टर, मुसाला वरचे पुढचे दात नसतात,” एल्डन म्हणाला.

“नसतात म्हणजे?”

“जन्मापासून नसतात.”

वेन्डल यांनी पुन्हा वाकून मुसाच्या वरच्या हिरडीवरून बोट फिरवलं. चाळीस वर्षांच्या अनुभवाला असा धक्का कुणी दिला नव्हता.

ओपलचा जीव मात्र अर्धा सुरीत आणि अर्धा इस्त्रीत होता. डास आले की ती धावत जाऊन त्या गृहस्थाच्या डोक्यावर ताडपत्री धरी. रक्ताचा ओघळ त्याच्या बुटांकडे निघाला की ती मधे उभी राही. इथे नेहमी असं नसतं, ती दर दहा मिनिटांनी सांगत होती, एरवी फार शांत असतं, दृश्य छान असतं. शेवटी आतडी बाहेर काढायची वेळ आली, तेव्हा तिने त्याला पाठ फिरवायची विनंती केली.

“माझी काळजी करू नका,” तो म्हणाला. “मी मिनेसोटात अंत्यविधीचं काम करतो. एकतीस वर्षं झाली.”

एल्डनचं गाणं थांबलं.

ओपल ताडपत्री धरून तशीच उभी राहिली. “म्हणजे तुम्ही पुस्तकाचे नाही?”

“कुठल्या पुस्तकाचे?”

तेव्हा पहिल्यांदा तिने आजूबाजूला नीट पाहिलं. मुसाच्या मागच्या पायाशी, कोपरापर्यंत रक्ताने माखलेली, धुळकट गाडीतली बाई बसली होती. तिच्या हातात स्वतःची सुरी होती, पात्याला झिजून झिजून चंद्रकोरीचा आकार आलेली. मांडीचा सांधा तिने इतका स्वच्छ सोडवला होता की एल्डनसुद्धा मघापासून तिला काही शिकवायला गेला नव्हता. काढलेलं काळीज तिने ट्रकमधल्या एका फळीवर ठेवलं होतं. फळीवरची अक्षरं रक्ताखाली अजून वाचता येत होती. ‘आलेच’.

“दोन वर्षांपूर्वी मी तुमच्या पायरीवर दीड तास बसले होते,” ती बाई वर न बघता म्हणाली. “खिडकीतून रोल दिसत होते. वाफ येत होती.”

दोन वर्षं ओपलने या क्षणासाठी मनात जुळवलेली वाक्यं होती, ती सगळी मांसाच्या कापडी पिशव्यांबरोबर कुठेतरी ट्रकमध्ये राहिली.

“मी तेव्हा मैल चौऱ्याऐंशीला होते,” ओपल म्हणाली. “मादी होती.”

“मला कसं कळणार?”

“नाहीच कळणार.”

बाईने मान हलवली. मग ती म्हणाली, हा पाय जरा उचलून धरा, म्हणजे मला खालून घेता येईल. ओपलने पाय उचलून धरला. तो जड होता आणि अजून गरम होता. त्यानंतर दोघी रस्ता साफ होईपर्यंत मांसाखेरीज कशाबद्दलही बोलल्या नाहीत.

लॉस्ट केटलला परत आले तेव्हा कॅफेसमोर सात घरगाड्या उभ्या होत्या. जॉयसने रस्त्यात उभं राहून ॲप्रन फडकवला होता, आणि चालत्या गाडीला थांबवायला चाळीस वर्षांचा दवाखाना पुरेसा होता. दारावर तिने कागद चिकटवला होता: ‘मालकीण मूस आणायला गेली आहे. आत या. पाय पुसा.’ आत माणसं भिंतीला टेकून उभी होती. किटली सापडली की नाही याचं जॉयसने तिसरंच उत्तर तयार केलं होतं आणि ते एल्डनच्या उत्तरापेक्षा चांगलं होतं. एल्डन दुखावला.

“सगळे संपले,” जॉयस अभिमानाने म्हणाली. “शेवटी त्या बरणीतलं आंबट पीठ होतं ना, त्याची धिरडी घातली. बरणी अगदी चाटून पुसून.”

बरणी सासूची होती. एक्केचाळीस वर्षांचं विरजण. ओपल स्टुलावर बसली. एल्डनने घसा साफ केला आणि कबूल केलं की त्याच्याकडे वाटीभर आहे. तिने पूर्वी दिलेल्या पिठाचे रोल त्याने कधी केले नव्हते, पण खिडकीची काच चिकटवायला ते फार चांगलं पडायचं, म्हणून त्याने जिवंत ठेवलं होतं. ओपल त्याच्याकडे रागाने बघायचा प्रयत्न करत राहिली.

पण त्याहून मोठं संकट टेबलाशी उभं होतं. पोथीवाली बाई हात धुऊन आली होती, खुर्ची ओढून बसली होती, आणि रिकाम्या परातीकडे बघत होती. दोन वर्षांनी, शंभरावर मैल येऊन, तीन तास मूस कापून, दुसऱ्यांदा तिला रोल मिळणार नव्हता. ओपलने कपाटं उघडली. भट्टीत हात घातला. एका गिऱ्हाइकाच्या बशीतल्या अर्ध्या तुकड्याकडे तिने असं पाहिलं की त्याने बशी जवळ ओढली.

तेव्हा मिनेसोटाच्या गृहस्थाने कोटाच्या खिशातून कागदी रुमालाची पुरचुंडी काढली आणि ती दोन्ही हातांनी, अदबीने, टेबलावर ठेवली. त्याला दालचिनी सोसत नव्हती. दुपारपासून हे सांगून एवढ्या भल्या बाईचं मन मोडावं कसं, हे त्याला समजत नव्हतं.

रोल चेपून भाकरीसारखा चपटा झाला होता. त्याच्यावर कोटाच्या गुंडीचा ठसाही उठला होता. बाईने तो उलटसुलट पाहिला आणि खायला लागली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, वेन्डल व्यवसायाच्या सवयीने जरा जास्तच. तिने शेवटचा तुकडा खाल्ला, बोटं चाटली, चहाचे पैसे ठेवले आणि निघाली. दारात थांबून तिने जॉयसचा कागद पुन्हा एकदा वाचला. काळजातला एक तुकडा एल्डनने तिला कापडात बांधून दिला. तो घेऊन ती गाडीत बसली.

हिवाळा लांबला. मूस मोठा होता, सहा जणांना पुरून उरला.

एप्रिलमध्ये नवी पोथी आली. ओपलने ती पाकिटातून काढली नाही. एल्डनला काढायला लावली. त्याने चष्मा शोधला, चष्मा पुसला, उगाचच मैल चाळीसपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि तिने लाटणं उचलल्यावर शहाण्णववर आला.

“‘लॉस्ट केटल. कॅफे उघडा. दालचिनीचा रोल ताटलीएवढा, चेपलेला. मालकीण जागेवर नसल्यास खुशाल आत जावे. हातमोजे जवळ असावेत.’” त्याने पान उलटून पाहिलं. “माझं नाव कुठेच नाही.”

ओपलने पुस्तक त्याच्या हातून घेऊन स्वतः वाचलं. मग आत जाऊन तिने डोरीनला फोन केला, रविवार नसताना. डोरीन थोडी रडली, आणि मग म्हणाली की त्या खोलीत शिलाई मशीन ठेवायचा विचार तसाही मनात होताच.

त्या उन्हाळ्यात गाड्या थांबू लागल्या. दिवसाला बारा, पंधरा. लोक हातमोजे घालून उतरत आणि विचारत, आज काही काम आहे का? पण पहिल्याच आठवड्यात नवी तक्रार आली. ओपलने एका जोडप्यापुढे फुगलेला, सोनेरी, सुरेख रोल ठेवला. बाईने पोथी उघडली, रोलकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, आम्हाला तो चेपलेला हवा होता.

ओपलने समजावून पाहिलं. चौथ्या दिवशी तिने नाद सोडला. आता ती पहाटे उठते, विरजण कालवते, रोल हवे तेवढे फुगू देते, आणि द्यायच्या आधी प्रत्येकावर ‘आलेच’ची ती घासून धुतलेली फळी ठेवून तिच्यावर कोपराने जोर देते. एल्डन खिडकीतून बघत असतो. गुंडीचा ठसा कधी उमटवणार, असं त्याने एकदाच विचारलं.